एरर बारवर आकडे टाकताय? निगेटिव्हचा रकाना आधी बघा

एक्सेलमध्ये एरर बारला (कॉलमच्या टोकाला वर-खाली आकड्यांचा पसारा दाखवणारी रेघ) लेबल लावायची सोयच नाही, त्यामुळे मेनूत शोधत बसू नका. लेबल लागतं ते एका अदृश्य सिरीजला, म्हणजे चार्टवरच्या आकड्यांच्या एका संचाला. म्हणून चार्ट काढण्याआधी तक्त्यात चार कॉलम हवेत: नाव, सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) आणि शेवटच्या दोघांची बेरीज. सरासरी ४२, विचलन ६.२, तर चौथ्यात ४८.२, एरर बारचं वरचं टोक तिथंच येतं. विचलनाचा कॉलम एका दशांशावर फॉरमॅट करा, नाहीतर लेबलाला आकड्यांची शेपटी लागते.

एरर बार सरासरीच्या सिरीजलाच, आणि 'कस्टम' या पर्यायानंच. तयार 'स्टँडर्ड एरर'चा पर्याय तुमच्या मूळ नोंदी बघतच नाही, चार्टवरच्या सरासऱ्यांवरून काढतो. सगळे बार एकाच लांबीचे दिसले की ओळखा.

आता हमखास राहून जातं ते. 'कस्टम'खालच्या 'स्पेसिफाय व्हॅल्यू'च्या खिडकीत रकाने दोन असतात, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. दोन्हींत महिरपी कंसातला १ आधीच बसलेला असतो. तो पुसून विचलनाची रेंज (त्या कॉलममधले सेल) दोन्हींत द्यायची. दोन्हींत! वरचा भरून ओके दाबलं की बार वर ६.२ आणि खाली फक्त १. गडद कॉलममध्ये खालचा तुकडा बुडून जातो, लेबल मात्र ६.२ म्हणत राहतं, मग चूक दिसणार कशी? कॉलम क्षणभर 'नो फिल' करा आणि निगेटिव्हची बाजू डोळ्यांनी बघा.

मग बेरजेची सिरीज, तीच ती अदृश्य: प्रकार लाइन, सेकंडरी ॲक्सिसची (दुसऱ्या उभ्या मोजपट्टीची) खूण काढलेली, नाहीतर लेबलं भलत्याच उंचीवर तरंगतात. शेजारी-शेजारी कॉलमांचे गट असतील तर लाइन चालत नाही, तिचा बिंदू गटाच्या मधोमध पडतो. तिथे स्कॅटर (एक्स-वाय बिंदूंचा प्रकार) घ्या आणि प्रत्येक कॉलमचा एक्स स्वतः द्या. किचकट आहे, पण इलाज नाही.

लेबल 'अबव्ह', 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स'मध्ये विचलनाची रेंज, 'व्हॅल्यू' (स्कॅटरमध्ये 'वाय व्हॅल्यू') बंद, नाहीतर ४८.२ छापून येईल. एक्सेल २०१३च्या आधीचं असेल तर एकेक लेबल निवडून फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन सेल जोडा. रेघ नको, मार्कर नको, लेजंडमधलं नाव डिलीट. नवी ओळ घातलीत की रेंज पुन्हा तपासा, निगेटिव्हचीसुद्धा.