युद्धाविषयीचा ठराव सभागृहात आणण्यापूर्वी

एखाद्या युद्धाविरुद्ध किंवा लष्करी कारवाईच्या समर्थनार्थ ठराव मांडावा असा आग्रह झाला, तर नगरसेवकाने प्रथम आपल्या सभागृहाचा अधिकार तपासावा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत परराष्ट्र व्यवहार दहाव्या, तर युद्ध व शांतता पंधराव्या क्रमांकावर आहे. बाराव्या अनुसूचीतील नगरपालिकांच्या 18 विषयांत त्यांपैकी काहीही नाही. शिवाय अधिकारबाह्य किंवा लोकहितास बाधक ठरावाची अंमलबजावणी नगरपरिषदेच्या बाबतीत जिल्हाधिकारी महाराष्ट्राच्या 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 नुसार रोखू शकतात, आणि मुंबई वगळता अन्य महापालिकांबाबत 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम 451 राज्य शासनाला तसा अधिकार देते. त्यामुळे मसुद्याची भाषा आदेशाची नव्हे, शिफारशीची हवी.

यानंतर विषयाचा गावाशी असलेला संबंध शोधावा, आणि यातच सर्वाधिक वेळ घालवावा. रत्नागिरी-रायगडमधील कित्येक घरांतील कमावती माणसे आखाती देशांत आहेत. तिकडे युद्ध पेटल्यास त्यांच्या सुरक्षित परतीची मागणी करणे हे तेथील नगरसेवकाचे कामच आहे. साताऱ्यासारख्या, सैन्यात मोठ्या संख्येने माणसे पाठवणाऱ्या जिल्ह्यात सैनिक कुटुंबांचे प्रश्न मांडता येतात. अग्निशमन तर बाराव्या अनुसूचीतच आहे, त्यामुळे 7 मे 2025 च्या नागरी संरक्षण सरावासारख्या प्रसंगी आपल्या दलाची सज्जता किती होती, हे प्रशासनाला विचारण्याचा हक्क सभागृहाला आहे. असा एकही धागा सापडत नसेल, तर ठराव आणू नये. मत व्यक्तिशः मांडावे, मात्र पालिकेचे बोधचिन्ह आणि पदाचे लेटरहेड त्यासाठी वापरू नये.

शिकागोचा अनुभव येथे उपयोगी पडतो. इराकवरील संभाव्य हल्ल्याविरुद्धचा ठराव तेथील नगर परिषदेने जानेवारी 2003 मध्ये 46 विरुद्ध 1 मतांनी संमत केला. 31 जानेवारी 2024 रोजी गाझातील युद्धविरामाचा ठराव मात्र 23-23 अशी बरोबरी होऊन महापौर ब्रँडन जॉन्सन यांच्या मताने तरला. दोन्ही ठराव केंद्रीय सरकारवर बंधनकारक नव्हते. अशा ठरावाचे सारे वजन नैतिक असते, आणि माझ्या मते निम्मे सभागृह विरोधात असताना ते फारसे उरत नाही. म्हणून मसुदा आधी विरोधी गटनेत्यांना दाखवावा आणि नागरिकांतील एखाद्या धर्माला वा समाजाला शत्रूच्या पंक्तीत बसवणारे प्रत्येक वाक्य काढून टाकावे.

मसुद्यात विनंती कोणाला आहे हे लिहावेच, पण पालिका स्वतः काय करणार हेही लिहावे: मदत कक्ष कुठे उघडणार, माजी सैनिकांचे मालमत्ता करसवलतीचे प्रलंबित अर्ज केव्हा निकाली काढणार. पाणी आणि रस्त्यांचे विषय संपल्यावरच चर्चा घ्यावी, विरोधी मतांची नोंद नावानिशी इतिवृत्तात करून घ्यावी आणि संमत ठरावाची प्रत स्थानिक खासदारांना पाठवावी, कारण संसदेत हा विषय उपस्थित करण्याचा मार्ग त्यांच्याकडे आहे.