साक्ष द्यायची आहे, पण जीभ रेटत नाही

मंडळीत (चर्चच्या सभेत) साक्षीच्या वेळी, म्हणजे येशूवरच्या विश्वासाने आपल्यात काय घडलं ते सांगताना, माईक हातात घेऊन दहा मिनिटं बोलणारा माणूस सोमवारी डबा खाताना "रविवारी काय केलंस?" या साध्या प्रश्नाला "काही नाही, घरीच होतो" म्हणून मोकळा होतो. बहुतेकांना मार खाण्याची भीती नसते. संबंध बिघडतील, "हा आता आपल्याला बाटवायला निघाला" अशी नजर होईल, किंवा उलट प्रश्न आला तर तोंडघशी पडू, अशी भीती असते. आपली यातली कोणती, ते आधी ओळखा. प्रत्येकीवरचा इलाज निराळा आहे.

भीती गेल्यावर बोलू असं ठरवलंत तर वर्षं जातील. येशूचा प्रेषित पौल यानेच करिंथकरांस पत्रात लिहिलं आहे की मी तुमच्याजवळ आलो तो अशक्त, भयभीत आणि कापत. इफिसकरांस पत्रातही तो, मला धैर्याने बोलता यावं म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती करतो. तेच करा, पण मोघम नको. मंडळीतल्या दोघांना सांगा, "गुरुवारी दुपारी शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी बोलणार आहे." आणि संध्याकाळी फोन करून विचारायलाही सांगा. कुणी विचारणार आहे म्हटलं की निम्मी टाळाटाळ तिथेच संपते.

मग साक्ष लिहून काढा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अध्याय २६ मध्ये पौल अग्रिप्पा राजापुढे बोलतो, त्याची घडण पाहा: आधी मी कसा होतो, काय घडलं, नंतर काय बदललं. वहीचं एक पान, साधारण दोनशे शब्द, मोठ्याने वाचून दोन मिनिटांत संपेल एवढंच. पहिला भाग चार वाक्यांचा पुरे. नवखे लोक इथेच फसतात: जुन्या व्यसनांचं वर्णन रंगतं आणि प्रभूचं नाव येईपर्यंत ऐकणारा घड्याळ बघू लागतो. शेवटच्या भागात जे अजून सुटलेलं नाही तेही सांगा. "राग अजून येतो, पण आता रात्री झोपण्याआधी माफी मागतो" हे वाक्य "माझं आयुष्य पूर्ण बदललं" यापेक्षा जास्त पटतं. घरच्या एखाद्यासमोर तीन वेळा म्हणून बघा, चौथ्यांदा कागदाशिवाय.

नगरकडच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या ख्रिस्ती माणसाची अडचण वेगळी: "मी जन्मापासूनच चर्चला जातो, माझी कसली साक्ष?" उसनं नाट्य आणू नका. आजी-आजोबांचा विश्वास कोणत्या प्रसंगी आपला झाला, तो एकच प्रसंग सांगा. दहावीचा निकाल असेल, बाबांचं आजारपण असेल, चालेल.

लिहिलेलं पान हातात घ्या आणि मंडळीबाहेर वेगळा अर्थ असलेले शब्द खोडा. "मला तारण मिळालं" म्हटलंत की बँकेत काम करणाऱ्याला गहाणखत आठवतं. "अभिषेक" म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे पिंडीवरची दुधाची धार. "मंडळी" म्हणजे बायको नाहीतर जमलेले पाहुणे. तारणाऐवजी "देवाने मला क्षमा केली, भीती गेली" असं सरळ म्हणा. पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर करताना साध्या माणसाला कळेल अशी मराठी हवी हा आग्रह धरला, तो यासाठीच.

आता प्रत्यक्ष बोलणं. सुरुवात साक्षीने करू नका, लपवणं थांबवण्याने करा. पहिला आठवडा एवढंच: कुणी विचारलं तर "चर्चला गेलो होतो". पुढे कधी कुणी घरचं दुखणं सांगितलं तर "तुमच्या आईसाठी मी प्रार्थना केली तर चालेल का?" हा प्रश्न. "हो" म्हणाले तर खरंच करा, आणि चार दिवसांनी आईची चौकशी करा. ती चौकशी राहिली तर प्रार्थनेला काही अर्थ उरत नाही. नाताळच्या करंज्या-चकल्यांचं ताट शेजारी नेण्याइतकी चांगली संधी तर वर्षातून एकदाच येते: "तुमच्यात नाताळ का करतात?" हा प्रश्न बहुधा तेच विचारतात. मग परवानगी मागा: "दोन मिनिटं सांगू का?" दोन मिनिटांनी थांबा. नको म्हणाले तर विषय बदला, आणि दुसऱ्या दिवशी चहाला नेहमीसारखे भेटा.

काही प्रश्न ठरलेले आहेत, त्यांची उत्तरं तयार ठेवा. "ख्रिश्चन व्हायला किती पैसे मिळाले?" याला चिडू नका. "एक रुपयाही नाही, उलट दर रविवारी दानपेटीत मीच टाकतो" म्हणून हसा. "प्रसाद का घेत नाहीस?" याला "तुमचा अपमान करायचा नाही, माझ्या श्रद्धेत बसत नाही, चहा मात्र घेईन". उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच सांगा. योहानाच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) येशूने बरं केलेल्या जन्मांधानेही परुश्यांना, म्हणजे तिथल्या कडव्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, एवढंच सांगितलं: मी पूर्वी आंधळा होतो, आता मला दिसतं.

धैर्याच्या नावाखाली काही गोष्टी करायच्याच नाहीत. दुसऱ्याच्या देवाची टिंगल नको. औषध बंद करायला सांगायचं नाही, बरं होण्याची हमी द्यायची नाही. हाताखालच्या माणसाला, किंवा आईबापांना न कळवता त्यांच्या लेकराला गाठायचं नाही. फी, नोकरी, धान्य यांचा विषय विश्वासाच्या बोलण्यात आणायचा नाही. घटनेचं कलम २५ धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला आहे. गुजरात, मध्य प्रदेशासारख्या राज्यांत स्वतंत्र कायदेही आहेत. जिथे राहता तिथला कायदा पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) किंवा वकिलांना विचारून घ्या. नेमकी रेघ कुठे आहे हे ठाऊक असलं की उगाच वाटणारी धास्तीही कमी होते.

घाई तर मुळीच नको. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. एका घरातल्या माणसाला पाच वर्षं लागली, आणि आपण सोसायटीतल्या काकांकडून दोन चहांत उत्तर मागतो.

कुणी वाचायला मागितलं तर जाडजूड बायबल हातात देऊ नका; उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करून तो लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतो. मार्काचं शुभवर्तमान द्या: सोळाच अध्याय, चार शुभवर्तमानांत सर्वात लहान. आठवड्याला दोन अध्याय ठरवा, आणि शनिवारी चहाला त्याला काय खटकलं ते आधी विचारा.