उबुंटूवर पॅकेज अर्धवट अडकलं, तर

उबुंटूवर एपीटी पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, आणतं आणि त्याच्या हाताखालचं डीपीकेजी ते प्रत्यक्ष बसवतं. बसवताना एपीटीने माघार घेतली की शेवटी बहुधा 'डीपीकेजी रिटर्न्ड अ‍ॅन एरर कोड (1)' असं येतं. या ओळीवरून काहीच कळत नाही. खरी चूक तिच्या दहा-वीस ओळी वर असते. टर्मिनल बंद केलं असेल तर /व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग उघडा, डीपीकेजीचं आउटपुट तिथे जसंच्या तसं असतं.

'कुड नॉट गेट लॉक' दिसलं, तर बहुधा बिघाड झालेला नाही, दुसरी प्रोसेस एपीटी वापरते आहे एवढंच. मशीन सुरू झाल्यावर बरेचदा आपोआप अपडेट बसवणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स मागे काम करत असतं. ते संपेपर्यंत थांबा. लॉकची फाइल उडवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. दोन प्रोसेस एकाच वेळी डीपीकेजीच्या डेटाबेसमध्ये लिहू लागल्या की मूळ अडचण परवडली म्हणायची वेळ येते.

404 (सर्व्हरवर फाइल सापडली नाही) आलं तर आधी 'सुडो एपीटी अपडेट'. तरीही तेच येत असेल, तर उबुंटूची आवृत्ती तपासा. एलटीएस (दीर्घ मुदतीचा सपोर्ट) नसलेल्या आवृत्त्यांना 9 महिनेच सपोर्ट असतो; तो संपला की फाइली नेहमीच्या जागी मिळत नाहीत.

'नो स्पेस लेफ्ट' आल्यास 'डीएफ -एच' चालवा. बहुधा /बूट जुन्या कर्नलांनी (सिस्टमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी) भरलेलं असतं, त्यावर 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज'. जागा मोकळी दिसूनही तीच तक्रार असेल तर 'डीएफ -आय' बघा, आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी) संपलेले असू शकतात.

आता खरं डोकं खाणारा प्रकार. डीपीकेजी आधी फाइली उलगडतं, मग पॅकेजची पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट चालवून कॉन्फिगर करतं. मधेच वीज गेली किंवा कंट्रोल-सी दाबलं, की काम अर्ध्यावर राहतं. मग याच क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

दुसरी कमांड कधीकधी पॅकेजेस काढायचीही परवानगी मागते. 'वाय' दाबण्याआधी ती यादी वाचाच.

तरी अडलं, तर 'डीपीकेजी -एल' पाहा. ओळीच्या सुरुवातीला 'आययू' म्हणजे फक्त उलगडलेलं, 'आयएफ' म्हणजे कॉन्फिगर होताना अडकलेलं. 'आयएफ' असेल तर पोस्टइन्स्टच पडली आहे. बहुतेक वेळा कारण साधं असतं: पॅकेजची सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्रॅम) सुरूच होत नाही. 'सिस्टमसीटीएल स्टेटस' आणि 'जर्नलसीटीएल -यू' यांच्यापुढे सर्व्हिसचं नाव देऊन कारण वाचा. सर्व्हिसला हवा असलेला नेटवर्क पोर्ट दुसऱ्याने अडवलेला असेल तर 'सुडो एसएस -एलटीएनपी' तो कुणी धरलाय ते सांगतं. कारण दूर करून पुन्हा वरच्या दोनपैकी पहिली कमांड द्या. पॅकेज नव्याने डाउनलोड करायची गरज नसते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो/ मधल्या त्या पॅकेजच्या पोस्टइन्स्टमध्ये पहिल्या ओळीखाली 'सेट -एक्स' लिहा. स्क्रिप्ट शेलची असेल तर नेमकी कोणत्या कमांडवर पडते ते दिसेल. त्याच जागी 'एक्झिट 0' लिहून एरर गप्प करणारेही आहेत. पॅकेज मग बसलेलं दिसतं, चालत मात्र नाही.