अमेरिकेतल्या पब्लिक हायस्कूलचे आकडे वाचताय? मग या चुका टाळा

अमेरिकेत मुलांना कुठली पब्लिक शाळा मिळणार हे बहुधा घराच्या पत्त्यावरून ठरतं. त्यामुळे घर बघायला सुरुवात केली की पहिल्याच दिवशी ग्रूपवर कोणीतरी शाळांच्या रेटिंगचा स्क्रीनशॉट टाकतं, ही शाळा दहापैकी ९, ती ५, झाला निकाल. त्या ५ मध्ये नक्की काय मोजलंय हे कोणी बघतच नाही, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते.

अख्ख्या शाळेचा एकच टक्का धरून बसणं ही ती चूक. समजा दोन शाळा आहेत, दोन्हीकडे १००० मुलं (आकडे माझे, फक्त हिशोबासाठी). पहिल्या शाळेत बऱ्या परिस्थितीतली ८०० मुलं, त्यातली ८० टक्के गणितात प्रोफिशियंट (म्हणजे राज्याच्या परीक्षेत ठरलेली पातळी गाठलेली), आणि कमी उत्पन्नाच्या घरांतली २००, त्यातली ५० टक्के. एकूण झाले ७४ टक्के. दुसऱ्या शाळेत उलटं, बऱ्या परिस्थितीतली २००, त्यात ८५ टक्के, आणि कमी उत्पन्नाची ८००, त्यात ५५ टक्के. एकूण ६१. म्हणजे दोन्ही गटांत दुसरी शाळा पुढे आहे तरी यादीत ती १३ पॉइंट मागे दिसणार आणि आपण पहिल्या शाळेच्या हद्दीत महाग घर घेऊन मोकळे! एकूण टक्का बऱ्याचदा शाळा शिकवते कशी यापेक्षा तिथे शिकतं कोण हेच सांगतो. म्हणून राज्य प्रत्येक शाळेचं जे रिपोर्ट कार्ड वेबसाइटवर टाकतं त्यावर जाऊन गटवार आकडे उघडा. २०१५ च्या एसा (ESSA) या केंद्रीय शिक्षण कायद्यामुळे ते द्यावेच लागतात, वंशानुसार, उत्पन्नानुसार, इंग्रजी शिकणारी मुलं, स्पेशल एज्युकेशनवाली मुलं, सगळे वेगवेगळे. ग्रोथचा आकडा असेल तर तो आधी बघा, कारण मूल किती वरून सुरू झालं यापेक्षा वर्षभरात किती पुढे सरकलं हे त्यात कळतं.

गटाच्या जागी नुसती चांदणी (*) किंवा रिकामी जागा दिसली तर साइट बिघडलेली नाहीये. मुलं फारच कमी असली की ओळख पटू नये म्हणून आकडा लपवतात, किती कमी ते राज्य ठरवतं. आणि दिसला तरी जपून, गटात १२ मुलं असतील तर एका मुलाने आठ टक्क्यांचा फरक पडतो, त्यावरून "यंदा शाळा घसरली" म्हणण्यात काही अर्थ नाही.

आता फ्री लंचचा टक्का. गरिबीचं माप म्हणून सगळे हाच बघतात, म्हणजे घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट आणि १८५ पर्यंत असेल तर सवलतीत. पण एखाद्या शाळेचा आकडा ४८ वरून एकदम १०० झालेला दिसला तर लगेच घाबरू नका, आजूबाजूची वस्ती एका वर्षात बदलत नसते. बहुधा ती शाळा सीईपी नावाच्या सरकारी योजनेत गेलेली असते, त्यात फॉर्म न भरता सगळ्यांनाच फुकट जेवण मिळतं. २०१४ पासून ही योजना देशभर आहे आणि २०२३ मध्ये तिची अट, म्हणजे सरकारी मदत मिळणाऱ्या घरांतली वगैरे मुलं किमान किती हवीत, ती ४० टक्क्यांवरून २५ वर आणली, त्यामुळे आणखी शाळांना ती घेता येते. उलटं पण होतं बरं का, हायस्कूलची पोरं लाजेपोटी फॉर्मच देत नाहीत आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

दोन राज्यांतल्या शाळांचे प्रोफिशियंटचे टक्के शेजारी ठेवू नका, पासची रेघ प्रत्येक राज्य आपापली आखतं. एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेतल्या सरासरीचंही तसंच. जिथे शाळेच्या वेळेतच सगळ्या अकरावीला परीक्षेला बसवतात तिथली सरासरी खालीच येणार, आणि जिथे फक्त कॉलेजच्या तयारीतली मुलं आपणहून बसतात तिथली वर. आधी किती टक्के मुलं बसली ते बघा.

एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय आणि त्यांच्या परीक्षा, त्यातही हीच गंमत. पाचपैकी ३ किंवा जास्त मिळवणारे ९० टक्के, वा! पण बसले किती? निवडक मुलांनाच बसू दिलं की टक्का छान येतो, आणि ज्या शाळेने सगळ्यांना दार उघडलं तिचा पडतो. शिवाय मॅग्नेट प्रोग्रॅम (हद्दीबाहेरच्या मुलांनाही घेणारा खास विषयांचा अभ्यासक्रम) असेल तर एकाच इमारतीत दोन शाळा असल्यासारखं चित्र असू शकतं, कागदावर भरपूर डायव्हर्सिटी आणि एपी कॅल्क्युलसच्या वर्गात ठरावीकच चेहरे. कोणत्या गटातली किती मुलं एपीला आहेत हे केंद्रीय शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शनमध्ये शाळेनुसार मिळतं. ते बघायचे कष्ट फारसं कोणी घेत नाही.

ग्रॅज्युएशन रेट म्हणजे नववीत आलेल्यांपैकी चार वर्षांत नियमित डिप्लोमा घेणारे. दुसऱ्या शाळेत गेलेली मुलं हिशोबातून वजा होतात, नवीन आलेली जमा, आणि जीईडी (डिप्लोमाऐवजी बाहेरून देता येणारी परीक्षा) धरत नाहीत. पाचव्या वर्षी पास होणारी मुलं यात नापासांसारखीच दिसतात, म्हणून इंग्रजी शिकणारी मुलं जास्त असतील तिथे पाच वर्षांचा रेटही शोधा, बरीच राज्यं देतात.

वंशाच्या रकान्यांतले आकडे ओळखीच्या चित्राशी जुळत नसतील तर एक नियम माहीत असू दे, हिस्पॅनिक असं नोंदवलेलं मूल बाकी कुठल्याही वंशाचं असलं तरी फक्त हिस्पॅनिकमध्येच मोजतात. आणि "एशियन"च्या एका रकान्यात आपली, चिनी, व्हिएतनामी, सगळी पोरं एकत्र, त्यावरून आपल्या मुलांचं काही कळत नाही.

जुन्या वर्षांपासूनचा ट्रेंड काढताना २०२० च्या वसंतात खड्डा दिसेल, तेव्हा परीक्षाच झाल्या नव्हत्या, आणि २०२१ मध्ये बऱ्याच ठिकाणी परीक्षेला हजेरी कमी होती. ती दोन वर्षं सोडून २०२२ पासून पुढे बघा. रेटिंगच्या साइटवर आणि राज्याच्या पानावर वेगळे आकडे दिसले तर आधी वर्ष तपासा, साइटवरचं बरेचदा एक-दोन वर्षं जुनं असतं.