जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जाता जात नव्हता; मूळ निघालं मुंग्यांत

शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके, आक्रसलेली पानं, गळणाऱ्या कळ्या, पानांवर चिकटा. आणि खोडावरून मुंग्यांची रांग, जिच्याकडे मी चार महिने लक्षच दिलं नाही.

नुसतं पाणी मारलं, कडुनिंबाचं तेल फवारलं. आठवड्यात पुन्हा तेच. वैताग आला होता. तेल पाण्यावर तरंगायचं, म्हणजे मी बहुतेक पाणीच फवारत होतो! शिवाय चिकट गोड स्रावासाठी मुंग्या या किडीला राखतात, लेडीबर्डसारख्या मित्रकीटकांना हुसकावतात.

मग आधी मुंग्या अडवल्या. खोडाला कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेली लावली (सालीवर थेट नको) आणि भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकले, कंपोस्टमध्ये नाही. उरलेली कीड पाण्याच्या जोरदार धारेनं पाडली. संध्याकाळी ५ मिली तेलात २ मिली सौम्य द्रवसाबण घोटून त्यात हळूहळू १ लिटर कोमट पाणी मिसळलं आणि पानांच्या खालून, बेचक्यांत फवारलं. कापसातली अंडी वाचतात, म्हणून दर ७ दिवसांनी, एकूण ३ वेळा.

तिसऱ्या फवारणीनंतर नवे शेंडे स्वच्छ आले. पट्टी अजून आहे. जेलीवर धूळ बसली की बदलतो.