जुन्या डेस्कटॉपवर पैसे घालण्याआधी एवढं करून बघा

आमच्या काउंटरवर गिऱ्हाईक आलं की दोनपैकी एक तक्रार ठरलेली: "सीपीयू हँग होतोय" नाहीतर "चालूच होईना." आणि पाठोपाठ, "दादा, नवीनच घेऊ का?" मी तालुक्याच्या गावात दुरुस्ती करतो. इथले बहुतेक डेस्कटॉप एकाच साच्यातले: एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचं हे नाव) मदरबोर्ड, म्हणजे पुढे नुसता 'बोर्ड', आय३ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. त्यावर लग्नपत्रिका, टॅलीतला हिशेब, दाखल्यांचे फॉर्म, पोरांचा अभ्यास. एवढ्या कामाला ही मशीन अजून पुरतात. ज्यांना गेम खेळायचेत किंवा व्हिडिओ एडिट करायचेत, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही.

आधी फुकटचे उपाय. वायर भिंतीवरच्या बोर्डातून काढा, पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, मग बाजूचा पत्रा उघडा. मऊ ब्रशने धूळ झाडा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा गरागरा फिरून त्याचं बेअरिंग जातं. कापडदुकानातल्या मशीनमध्ये कूलरच्या फटींत लोकरीसारखा थर बसलेला असतो आणि मालक म्हणतो, "उन्हाळ्यात जरा गरम होतो." कूलर हलवून बघा. इंटेलच्या कूलरला चार प्लॅस्टिकचे पाय असतात. त्यातला एक जरी सुटला तरी कूलर तिरका बसतो, प्रोसेसर तापतो आणि मशीन पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडतं. कूलर काढलाच, तर प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावल्याशिवाय परत बसवू नका.

पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, हा सगळ्यात जास्त येणारा प्रकार. मॉनिटरची केबल घट्ट आहे ना, आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावलीये ना, हे बघितलं की सरळ रॅमकडे वळा. टोकाच्या क्लिपा बाहेर दाबल्या की रॅम वर उचलली जाते. तिचे सोनेरी दात पांढऱ्या मऊ खोडरबरने दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसा. शाई खोडायचा खरखरीत रबर नको, तो सोन्याचा मुलामाच खरवडतो. चुरा झाडा, स्लॉटमध्येही कोरडा ब्रश फिरवा. बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकं 'टक्' वाजेपर्यंत दाबा. नवखा माणूस बोर्ड तुटेल या भीतीने अर्धवट दाबतो आणि मग रॅम गेली म्हणून नवीन आणायला निघतो. दोन रॅम असतील तर एकेक करून, प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघा. रॅम गेलीये की स्लॉट, ते तिथेच कळतं.

तरीही अंधारच असेल तर प्रोसेसरजवळची चार पिनांची १२ व्होल्टची केबल बघा. ती सुटली असली तरी पंखे फिरतात, डिस्प्ले मात्र येत नाही. मग बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटांनी परत लावा. हा सेल ३ व्होल्टचा असतो आणि कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो उतरला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायला लागतो. लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात.

मशीन अजिबातच हूं की चूं करत नसेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर यांत यू आकाराची पिन घाला. बोर्डापासून कनेक्टर सोडवून, आणि पिन घालेपर्यंत वीज बंद ठेवून. वीज दिल्यावर पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला. पण फिरला म्हणजे चांगला, असं नाही. खरी परीक्षा मशीन चालू असताना घ्यायची: एसएमपीएसमधून येणाऱ्या, पिवळ्या-काळ्या-लाल वायरींच्या चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरमध्ये मल्टिमीटर लावा. पिवळी-काळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये आणि लाल-काळी ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. काम वाढलं की १२ व्होल्ट ११ कडे घसरतोय आणि मशीन रीस्टार्ट होतंय, तर विंडोज दहादा टाकून काही होणार नाही. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) वायर काढल्यानंतरही ३०० व्होल्ट राहू शकतात.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण निम्म्या घरांत ती आहेच. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात? टेस्टर लावला तर मंद उजळतो? बहुतेक वेळा ती मशीनची खराबी नसते, घरात अर्थिंग नसतं. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर थोडासा प्रवाह पत्र्यावर सोडतात आणि तो अर्थिंगच्या वायरमधून जमिनीत जाणं अपेक्षित असतं. अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं ॲडॉप्टर लावलंय, की तो तुमच्या हातातून वाट शोधतो. अशा मशीनला प्रिंटर, पेनड्राइव्ह लावता काढता यूएसबी पोर्ट जायचा धोका असतो. वायरमनला बोलावून आधी अर्थिंग करून घ्या. एसएसडीच्या (हार्डडिस्कच्या जागी लावायच्या वेगवान डिस्कच्या) आधी. हे ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मी धंदा टाळतोय.

आता 'हँग होतोय' या तक्रारीकडे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या खाली सतत १०० टक्के दिसत असेल तर रोग सापडला. हार्डडिस्कची सुई तबकडीवर इकडून तिकडे पळते आणि सेकंदाला शंभराच्या आसपासच फुटकळ वाचनं उरकते. एसएसडीत सुईच नाही, म्हणून तीच कामं हजारोंनी होतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून हार्डडिस्कची तब्येत बघा. 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरचा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर आजच्या आज बॅकअप घ्या. नुसता 'सीआरसी एरर'चा आकडा वाढत असेल तर बऱ्याचदा साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) बदलून भागतं.

एसएसडी घ्यायची तर २.५ इंची साटा, २४० किंवा २५६ जीबी. एच६१ आणि एच८१च्या बहुतेक बोर्डांवर एम.२चा (पट्टीसारख्या एनव्हीएमई एसएसडीचा) स्लॉटच नसतो, त्यामुळे दुकानदार "एनव्हीएमई फास्ट आहे" म्हणाला तरी नको. एच६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिट, एच८१ वर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे. एच८१ असेल तर बोर्डवर एसएटीए-६जी (एसएटीए म्हणजेच साटा) असं छापलेलं पोर्ट शोधून एसएसडी तिथे लावा. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय ठेवा. पण जुनं विंडोज आयडीई या जुन्या मोडवर टाकलेलं असेल आणि तुम्ही मोड नुसताच बदललात तर निळा स्क्रीन येईल. तेव्हा नव्याने विंडोज टाकणं सोपं. फॉरमॅटच्या आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर (परत जमा) करा आणि डेटा फोल्डर वेगळा काढून ठेवा. मार्च अखेरीला हे काम काढू नका.

मग रॅम. ४ ची ८ जीबी केली की पुरे. एकाच क्षमतेच्या दोन पट्ट्या दोन्ही स्लॉटमध्ये लावल्या तर त्या जोडीने काम करतात. डीडीआर३ जुनी घेतली तरी चालते, फक्त दुकानातच रॅम तपासणारं मेमटेस्ट चालवून घ्या. निम्म्या दरात नवी कोरी ८ जीबी मिळाली तर लेबल वाचा: 'फक्त एएमडी' असेल तर ती इंटेलच्या बोर्डावर चालणार नाही.

प्रोसेसर सगळ्यात शेवटी. एच८१ वर जुना आय५-४५७० बसतो, दोनाचे चार कोअर होतात. एच६१ वर तिसऱ्या पिढीचा टाकण्याआधी बायॉस अपडेट लागतं का ते बघा. ग्राफिक्स कार्डाने टॅली किंवा पेजमेकर (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) पळत नाही. जीटी ७१० सारखं कार्ड घ्यायचं ते फक्त बोर्डावरचा डिस्प्ले गेला असेल किंवा आणखी एक मॉनिटर लावायचा असेल तर.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. जुगाड करून ते चौथ्या पिढीवर बसवता येतं, पण पुढचं अपडेट अडलं की मशीन परत माझ्या टेबलावर. फक्त ब्राउझर आणि अभ्यास असेल तर लिनक्स मिंट टाका, मराठी टायपिंग त्यात आहे. श्रीलिपी (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर), पेजमेकर, टॅली यांवर पोट असेल तर विंडोजला पर्याय नाही. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका आणि डेटा रोज बाहेरच्या डिस्कवर घ्या.

आणि बोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, किंवा बोर्डच गेला, तर तिथे थांबा. त्या काळाचे नव्याने बनवलेले बोर्ड मिळतात, पण त्यांवर मी पैसे घालू देत नाही. एसएसडी काढून घ्या, ती पुढच्या मशीनला लागेल. डीडीआर३ रॅम आणि आय३ विकून टाका. जुना एसएमपीएस मात्र कोणी फुकट मागितला तरी नव्या बोर्डाला लावू नका.