या चुका टाळा : ‘आपण बरं, आपलं काम बरं’ म्हणणाऱ्यांसाठी

ऐरोली, घणसोली, महापे, वागळे इस्टेट, कुठल्याही ऑफिसात जा. अप्रेझलचे दिवस आले की एक तक्रार ठरलेली असते : काम मी केलं, नाव दुसऱ्याचं झालं. तक्रार करणारा बहुतेक वेळा कमी बोलणारा असतो आणि निदानही स्वतःच करून मोकळा होतो, “मला चार लोकांत बोलता येत नाही ना, म्हणून.”

टीम सांभाळणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघितलं तर हे निदान पटत नाही. तुमच्या गप्पांवाचून टीमचं काही अडत नाही. तुमच्याकडे दिलेल्या कामाचं काय झालं हे सारखं विचारावं लागू नये, एवढीच तिची अपेक्षा असते. ते आपोआप कळत असेल तर अबोल माणूसही सगळ्यांना हवा असतो, आणि कळत नसेल तर गप्पिष्ट माणसाचाही लोकांना वैताग येतो. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच आहे.

अडलं तरी गप्प बसणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. सोमवारी काम हातात येतं, मंगळवारी दुपारी अडतं. ॲक्सेस मिळत नाही, किंवा क्लायंटच्या फाइलमधले आकडे जुळत नाहीत. कोणाला कशाला त्रास द्यायचा, बघू आपणच, असं करत गुरुवार जातो. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये विचारणा झाली की उत्तर येतं, “सर, ते ॲक्सेसचं राहिलंय.” उशीर एक वेळ सर पोटात घालतात. पण मंगळवारी सांगितलं असतं तर एका फोनवर भागलं असतं, हे त्यांच्या डोक्यात बसतं, आणि पुढचं महत्त्वाचं काम तुमच्याकडे येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. अर्धा दिवस स्वतः झगडा, मग कळवा. नुसतं ‘सर, एक प्रॉब्लेम आहे’ किंवा ‘हाय मॅडम’ लिहून उत्तराची वाट बघत बसू नका. पूर्ण लिहा : “मॅडम, जीएसटी रिपोर्टसाठी लागणारी मार्चची फाइल उघडत नाही. पुन्हा डाउनलोड करून पाहिली, आयटीकडे तिकीटही टाकलंय. उद्या दुपारपर्यंत मिळाली तर शुक्रवारी रिपोर्ट देतो, नाहीतर सोमवार उजाडेल.” काय अडलंय, काय करून बघितलं, कधीपर्यंत सुटायला हवं आणि नाही सुटलं तर काय, सगळं त्यात आलं. यासाठी तोंड उघडावं लागत नाही. लिहिण्यात तर कमी बोलणारी माणसं पुष्कळदा सरस असतात.

इथे टीम लीडरनाही थोडं ऐकून घ्यावं लागेल. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीमकडून औषधं देताना कमी चुका होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथली माणसं चूक लपवत नव्हती. तेव्हा ज्युनिअर मुलं शुक्रवारपर्यंत तोंड उघडत नसतील, तर मंगळवारी सांगणाऱ्याला मागच्या वेळी आपण काय ऐकवलं होतं, ते आठवून बघा.

मीटिंगमध्ये योग्य क्षणाची वाट बघणं

तो येत नाही. एक बोलत असतो, दुसरा मध्ये घुसतो, तुम्ही मनात वाक्य जुळवत असता आणि तोवर विषय बदललेला असतो. हा फक्त तुमच्या स्वभावाचा दोष नाही. १९५८ साली येल विद्यापीठात केलेल्या प्रयोगात चौघांना एकत्र बसवून कल्पना सुचवायला सांगितल्या आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना एकत्र केल्या. वेगवेगळं बसलेल्यांच्या कल्पना जास्त भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी यामागचं एक मोठं कारण दाखवलं : एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि बाकीच्यांचं सुचलेलं पाळीची वाट बघण्यात विरून जातं.

मग पाळीची वाट बघायचीच कशाला? मीटिंग ज्यांनी बोलावली त्यांना आदल्या संध्याकाळी दोन ओळी पाठवून ठेवा. तेच म्हणतील, “याने एक मुद्दा पाठवलाय, सांग रे.” पहिल्या दहा मिनिटांत एखादा साधा प्रश्न विचारून टाका, नंतर बोलणं सोपं जातं. अचानक तुमच्याकडे मोर्चा वळला तर “बघून चारपर्यंत कळवतो” हे पूर्ण उत्तर आहे. फक्त चारला खरंच कळवा.

आणि एमओएम, म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची नोंद, लिहायला घ्या. कोणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं, हे मीटिंगनंतर अर्ध्या तासात सगळ्यांना पाठवणारा माणूस हळूहळू टीमचा आधार होतो. मात्र बायकांनी इथे जरा जपावं. एमओएम, वाढदिवसाचा केक आणि वर्गणी ही तिन्ही कामं टीममधल्या एकाच मुलीच्या गळ्यात पडल्याची उदाहरणं हवी तेवढी सापडतील. “या महिन्यात मी लिहिते, पुढच्या महिन्यात तुम्ही,” असं पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

स्वभाव एक, दुखणं दुसरं

आपल्याकडे स्वतःला इंट्रोव्हर्ट म्हणवणाऱ्या पुष्कळ जणांचा खरा अडसर भाषेचा असतो. कळव्याचा किंवा कोपरखैरण्याचा मुलगा मराठी शाळेत शिकलेला, सकाळच्या लोकलमध्ये भजनाला टाळ वाजवणारा, डबा खाताना सगळ्यांना हसवणारा, आणि क्लायंट कॉलवर इंग्रजी सुरू झालं की एकदम म्यूट. त्याला ‘मोकळा हो, आत्मविश्वास बाळग’ असल्या सल्ल्याचा उपयोग नाही. कॉलआधी आपल्या भागाची पहिली तीन वाक्यं त्याने लिहून काढावीत, मोठ्याने दोनदा म्हणावीत आणि कॉलवर सरळ बघून वाचावीत. पलीकडच्याला आकडा आणि तारीख हवी असते, व्याकरणाचे मार्क तो देत नाही. नाही कळलं तर पुन्हा विचारावं. न कळता ‘येस, येस’ म्हणणं मात्र नंतर फार भोवतं.

अंगात नसलेला बडबडेपणा आणणं हीसुद्धा चूकच. कर्जतच्या फार्महाउसवर डीजे संपेपर्यंत थांबलं नाही म्हणून कोणाचं प्रमोशन अडत नाही. पण रोजचा डबा हेडफोन लावून एकट्यानेच खाऊ नका. आठवड्यातून एकदा एकाच सहकाऱ्यासोबत टपरीवर चहा घेतला तरी पुरतं. समूहात बुजणारी बहुतेक माणसं एकास एक छान बोलतात.

सगळ्याला हो म्हणण्याबद्दल फार लिहीत नाही. नवीन काम आलं की “हे आज घेतो, मग ते कालचं उद्यावर ढकलू का?” एवढा एक प्रश्न विचारायची सवय लावली की झालं.

सगळं आपल्याच डोक्यात ठेवणं

शांत, कामसू माणसं नकळत ही चूक करतात, आणि तीच आपली ताकद आहे असं त्यांना वाटतं. माझ्याशिवाय हे कोणाला जमत नाही! मग गणपतीला गावी गेल्यावर चिपळुणात गौरी-विसर्जनाच्या दिवशी फोन येतो, “अरे, ती मॅक्रोची फाइल कुठे ठेवलीस?” रेंज नाही म्हणून हा खळ्यात उभा राहून ओरडून फोल्डरचं नाव सांगतोय, आरती खोळंबली आहे. आपली किती गरज आहे, या विचाराने तो मनातून सुखावतोही. तिकडे ऑफिसात मात्र मॅनेजर ठरवत असतो की याला नव्या प्रोजेक्टवर हलवता येणार नाही, कारण जुनं कोण बघणार? आणि गावी जाण्याची रजा पुढच्या वर्षी आणखी कुरकुरत मिळते.

नवी मुंबईतल्या टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांत शिफ्ट बदलताना लॉगबुक भरून, पुढच्या ऑपरेटरला सांगूनच निघायची पद्धत आहे, कारण तिथे न सांगितलेली गोष्ट जिवावर बेतू शकते. ऑफिसात धोका तेवढा नसला तरी पद्धत उचलण्यासारखी आहे. रजेच्या आठवडाभर आधी एक पान लिहा : कोणती कामं चालू आहेत, फाइल कुठे आहेत, कोणाला विचारायचं, काय अजिबात करायचं नाही. मग ते पान सहकाऱ्याला नुसतं पाठवू नका. शेजारी बसा आणि एकदा त्याच्याकडूनच काम करवून घ्या. तो कुठे अडखळला, तिथे तुमच्या पानात एक ओळ कमी आहे.

एवढं करूनही दखल घेतली जात नसेल तर

आधी नोंद तपासा. दर महिन्याच्या शेवटी काय केलं, त्याने कोणाचा किती वेळ किंवा पैसा वाचला, हे चार ओळींत लिहून ठेवलं असेल तर मार्चमध्ये आठवत बसावं लागत नाही. ते घेऊन मॅनेजरशी एकट्याने बोला. “माझं काम दिसत नाही का?” असं विचारलंत तर गुळमुळीत उत्तर मिळेल. “पुढच्या सहा महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय झालं तर तुम्ही माझं नाव पुढे कराल?” असं विचारा, आणि जे उत्तर येईल ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा.

सहा महिन्यांनी पुन्हा विचारल्यावरही “चाललंय चांगलं, बघू” एवढंच ऐकू आलं, तर आपल्या अबोलपणाला बोल लावणं थांबवा आणि दुसरी टीम शोधा. कायमच्या नोकरीत ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरत आली असतील, तर चौकशीची सुरुवात कंपनीतल्याच दुसऱ्या विभागापासून करा.